ऑप्सिन : प्रकाश टिपणारी प्रथिने

डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून चिकटलेले, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असे पटल म्हणजे दृष्टिपटल. पारपटल आणि नेत्रभिंग मिळून समोरच्या दृश्याची उलटी प्रतिमा त्यावर पाडतात. तेवढे काम काचेचे भिंगही करते. पाहण्याची खरी सुरुवात त्यापुढे होते. मेंदू कवटीच्या अंधारात असतो, त्याच्यापर्यंत प्रकाश कधीच पोचत नाही. त्याला कळतात ते फक्त विद्युत आणि रासायनिक संकेत. प्रकाशाचे रूपांतर अशा संकेतात करण्याचे काम दृष्टिपटलातील प्रथिनांचा एक गट करतो. या प्रथिनांना ऑप्सिन म्हणतात. माणूस असो, मधमाशी असो की माकूळ, प्राण्यांची दृष्टी याच कुळातील प्रथिनांवर चालते.

माणसाच्या एका दृष्टिपटलात सुमारे नऊ ते बारा कोटी दंडपेशी आणि पन्नास-साठ लाख शंकुपेशी असतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात, शंकुपेशी भरपूर उजेडात. रंगांचे ज्ञान शंकुपेशींमुळे होते. दंडपेशीच्या बाहेरच्या टोकाला चपट्या चकत्यांची, नाण्यांसारखी एकावर एक रचलेली चळत असते. एका पेशीत अशा जवळपास हजार चकत्या असतात आणि त्यांच्या पटलात ऱ्होडॉप्सिन नावाचे प्रथिन खच्चून भरलेले असते. एका दंडपेशीत त्याचे साधारण दहा कोटी रेणू असतात. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, एका चकतीतून निसटला तरी पुढच्या शेकडो चकत्यांपैकी कुठेतरी अडकावा, अशी ही रचना आहे. चकत्या कायमच्या नसतात. चळतीच्या तळाशी रोज नव्या चकत्या तयार होतात, टोकाच्या जुन्या चकत्या शेजारच्या रंजकपेशी गिळून टाकतात आणि सुमारे दहा दिवसांत सगळी चळत बदलून जाते. जन्मभर वापरलेल्या डोळ्यातही प्रकाश टिपणारा भाग अशा रीतीने दीड आठवड्याहून जुना नसतो.

ऱ्होडॉप्सिनचे दोन भाग आहेत. एक ऑप्सिन, म्हणजे ३४८ अमिनो आम्लांची साखळी. ही साखळी चकतीच्या पटलातून सात वेळा आरपार जाते आणि त्या सात पिळांच्या मधोमध एक पोकळी राहते. या पोकळीत दुसरा भाग बसलेला असतो, तो रेटिनल. रेटिनल हे ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारे वीस कार्बन अणूंचे लहानसे संयुग आहे. ते साखळीतील २९६व्या जागेवरच्या लायसिन या अमिनो आम्लाला रासायनिक बंधाने जोडलेले असते. एकटे रेटिनल मुख्यतः अतिनील किरण शोषते आणि एकट्या ऑप्सिनला दृश्य प्रकाश जवळपास दिसतच नाही. दोन्ही एकत्र आले की मात्र शोषणाचा पट्टा सरकतो आणि ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर हिरव्या प्रकाशाला हे प्रथिन सर्वाधिक प्रतिसाद देते. ऱ्होडॉप्सिनची त्रिमितीय रचना २०००मध्ये क्रिस्टॉफ पाल्चेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. त्यासाठी वापरलेले प्रथिन गाईगुरांच्या डोळ्यांतून मिळवलेले होते.

अंधारात रेटिनलची कार्बनसाखळी अकराव्या कार्बनपाशी वाकलेली असते. फोटॉन शोषला गेला की तो बाक सरळ होतो. या क्रियेला सुमारे २०० फेम्टोसेकंद लागतात. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. सजीवांत घडणाऱ्या सर्वांत वेगवान क्रियांपैकी ही एक आहे, आणि ती वायाही क्वचित जाते: शोषलेल्या दर तीन फोटॉनांपैकी दोन हा बाक सरळ करतात. दृष्टीच्या सगळ्या व्यवहारात प्रकाशाचा हात एवढाच. यानंतर जे घडते त्याला प्रकाश लागत नाही.

ऱ्होडॉप्सिनचा शोध लागला तो त्याच्या रंगामुळे. १८७६मध्ये रोममध्ये काम करणाऱ्या फ्रान्स बोल या तरुण जर्मन संशोधकाने अंधारात ठेवलेल्या बेडकाचे दृष्टिपटल बाहेर काढले. ते लालजांभळे होते, पण उजेडात पाहता पाहता त्याचा रंग उडाला. आधी पिवळट झाले, मग रंगहीन. जिवंत बेडूक पुन्हा अंधारात ठेवला तर रंग परत येतो, हेही बोलच्या ध्यानात आले. रंगाचे हे जाणे-येणे पाहण्याच्या क्रियेशी निगडित असले पाहिजे, हा त्याचा तर्क अचूक होता. तो लवकरच, वयाच्या तिसाव्या वर्षी, क्षयाने गेला आणि काम पुढे नेले हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूने यांनी. पित्तातील क्षार वापरून हे रंगद्रव्य द्रावणात उतरवता येते, हे त्यांनी दाखवले. दृष्टिपटल मागच्या रंजकपेशींच्या थरापासून सोलून काढले तर उडालेला रंग परतत नाही आणि पुन्हा त्या थराला टेकवले की परततो, हे त्यांचे निरीक्षण तर फारच मोलाचे ठरले. त्याचे कारण कळायला पुढे शंभर वर्षे लागली.

क्यूने यांचा एक प्रयोग त्या काळी फार गाजला. सशाचे डोके काही मिनिटे झाकून ठेवायचे, मग त्याला गजांच्या खिडकीसमोर धरायचे, नंतर त्याला मारून डोळा लगेच तुरटीच्या द्रावणात घालायचा. दुसऱ्या दिवशी दृष्टिपटलावर खिडकीचे चित्र दिसले: उजेड पडला तिथे रंग उडालेला, गजांच्या जागी तो शाबूत. आज असा प्रयोग कोणी करणार नाही, करूही नये. पण दृष्टिपटलावर प्रकाशाची रासायनिक नोंद होते याचा इतका उघड पुरावा त्याआधी मिळालेला नव्हता. मृताच्या डोळ्यात मारेकऱ्याची प्रतिमा उरते, ही समजूत युरोपात तेव्हा होतीच, तिला या प्रयोगाने बळ मिळाले. क्यूने यांनी १८८०मध्ये देहदंड दिलेल्या एका कैद्याचा डोळाही तपासला. त्यात एक अस्पष्ट आकार आढळला, त्याचा अर्थ मात्र लागला नाही. प्रतिमा टिकत नाही याचे कारण साधे आहे. डोळा सतत हलतो आणि रंगद्रव्यही सतत नव्याने तयार होत राहते.

सरळ झालेले रेटिनल ऑप्सिनच्या पोकळीत नीट मावत नाही. ते भोवतालच्या पिळांना ढकलते आणि काही मिलिसेकंदांत ऑप्सिनचा आकारच बदलतो. बदललेले ऑप्सिन चकतीच्या पृष्ठभागावरील ट्रान्सड्युसिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जागे करते. एकाला नव्हे, एकामागून एक अनेकांना. प्रत्येक जागे झालेले ट्रान्सड्युसिन एका विकराला कामाला लावते आणि ते विकर सीजीएमपी या रेणूचे झपाट्याने तुकडे करू लागते. दंडपेशीच्या बाह्यपटलातील आयनमार्ग याच सीजीएमपीमुळे उघडे राहिलेले असतात. त्याचे प्रमाण घटले की मार्ग मिटतात, सोडियम आणि कॅल्शियमचे आयन आत येणे थांबते आणि पेशीचा विद्युतदाब अंधारातल्या सुमारे उणे ४० मिलिव्होल्टवरून खाली, उणे ७०च्या दिशेने जातो. प्रत्येक पायरीवर संख्या वाढत जाते. त्यामुळे एका फोटॉनने सरळ केलेल्या एका रेणूचा परिणाम सबंध पेशीला जाणवेल एवढा मोठा होतो.

इथे एक उलटी गोष्ट आहे. बहुतेक संवेदी पेशी उद्दीपन झाले की चेततात. दंडपेशी आणि शंकुपेशी मात्र अंधारात चेतलेल्या असतात आणि पुढच्या पेशींवर ग्लुटामेट हे रसायन अखंड सोडत असतात. प्रकाश पडला की ते सोडणे कमी होते. उजेडाची बातमी मेंदूला कळते ती अशी, चालू असलेले काहीतरी थांबल्यामुळे. पुढच्या पेशी या बदलाचा अर्थ लावतात, शेजारच्या भागांशी तुलना करतात आणि सुमारे दहा लाख तंतूंच्या नेत्रचेतेतून निष्कर्ष मेंदूकडे धाडतात.

ही यंत्रणा किती संवेदनशील आहे, हे सेलिग हेख्ट, सायमन श्लेअर आणि मॉरिस पिरेन यांनी न्यूयॉर्कमध्ये केलेल्या आणि १९४२मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून कळले. दीर्घकाळ अंधारात बसलेल्या माणसाच्या डोळ्यावर त्यांनी एक मिलिसेकंदाचा, मोजून मंद केलेला हिरवा झोत टाकला. ‘दिसले’ असे उत्तर येण्यासाठी दंडपेशींत शोषले जावे लागणारे फोटॉन अवघे ५ ते १४ भरले. त्या झोताचा ठिपका सुमारे पाचशे दंडपेशींवर पडत होता. म्हणजे एकाच पेशीला दोन फोटॉन मिळण्याची शक्यता जवळपास नव्हती. एक दंडपेशी एका फोटॉनला प्रतिसाद देते, हा निष्कर्ष त्यातून अटळ होता. डेनिस बेलर, ट्रेव्हर लॅम आणि किंग-वाय याउ यांनी १९७९मध्ये भेकाची एकेक दंडपेशी सूक्ष्म काचनळीत ओढून घेतली आणि एका फोटॉनचा विद्युत प्रतिसाद प्रत्यक्ष मोजला. तो सुमारे एक पिकोॲम्पिअर होता.

मात्र ऱ्होडॉप्सिनची याहून मोठी करामत त्याच्या स्वस्थ राहण्यात आहे. शरीराच्या तापमानाला रेणू सतत थरथरत असतात. त्या थरथरीत रेटिनलचा बाक आपोआप सरळ झाला तर पेशी खोटीच बातमी देईल, आणि ती फोटॉनने दिलेल्या बातमीपासून वेगळी ओळखता येणार नाही. माकडाच्या दंडपेशींवरील मोजमापांत अशी चूक एका पेशीत दोन-तीन मिनिटांतून एकदा आढळली. पेशीतील दहा कोटी रेणू हिशेबात घेतले, तर एखादा रेणू प्रकाशाविना सरळ व्हायला सरासरी काही शतके लागतात. शतकानुशतके न ढळणारा आणि योग्य फोटॉन भेटताच सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात वळणारा रेणू, हे दोन गुण एकाच जागी असणे सोपे नाही. ऑप्सिनची ती पोकळी रेटिनलला इतके घट्ट धरून ठेवते म्हणूनच हे साधते. अंधाऱ्या रात्री मोजके फोटॉन ओळखता येतात याचे निम्मे श्रेय या शांततेला द्यायला हवे.

प्रतिसाद जितका तत्पर, तितकाच तो थांबवणेही आवश्यक. नाहीतर एका क्षणाचे दृश्य पुढच्या क्षणावर रेंगाळेल. जागृत ऱ्होडॉप्सिनवर एक विकर फॉस्फेटचे गट चढवते, मग अरेस्टिन हे प्रथिन येऊन त्याला पकडते आणि ट्रान्सड्युसिनशी त्याचा संपर्क तुटतो. त्यानंतर सरळ रेटिनल ऑप्सिनपासून सुटते. दंडपेशी त्याला स्वतः पुन्हा वाकवू शकत नाही. त्याचे आधी रेटिनॉल, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्व होते, ते शेजारच्या रंजकपेशीत जाते, तिथे आरपीई६५ या विकरामुळे बाक परत येतो आणि वाकलेले रेटिनल पुन्हा दंडपेशीतील ऑप्सिनमध्ये जाऊन बसते. क्यूने यांना दृष्टिपटल रंजकथरापासून सोलल्यावर रंग परतताना का दिसला नाही, त्याचे उत्तर हे आहे. उन्हातून अंधाऱ्या खोलीत गेल्यावर आधी काही दिसत नाही आणि पूर्ण सरावायला तीस-चाळीस मिनिटे लागतात, त्यामागेही मुख्यतः हीच सावकाश चालणारी फेरी आहे. ऱ्होडॉप्सिन तांबडा प्रकाश फारच कमी शोषते. म्हणून आकाशनिरीक्षक नकाशा पाहायला लाल विजेरी वापरतात. सरावलेले डोळे तिने बिघडत नाहीत.

दृष्टीचा जीवनसत्त्वाशी असलेला हा संबंध अमेरिकेच्या जॉर्ज वॉल्ड यांनी सिद्ध केला. १९३३मध्ये बर्लिनच्या प्रयोगशाळेत त्यांना दृष्टिपटलात ‘अ’ जीवनसत्त्व सापडले आणि पुढे हायडेलबर्गमध्ये बेडकांच्या दृष्टिपटलांवर काम करताना रेटिनलही गवसले. प्रकाशाचे काम फक्त बाक सरळ करण्यापुरते असते, हे १९५०च्या दशकाअखेर रूथ हबार्ड आणि वॉल्ड यांच्या गटाने दाखवले. वॉल्ड यांना १९६७चे नोबेल पारितोषिक मिळाले. हबार्ड यांचा त्यातील वाटा मोठा होता, पण पारितोषिकात त्यांचे नाव नव्हते.

रातांधळेपणावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय मात्र फार जुना आहे; सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही तो आढळतो. यकृतात ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा असतो, हे आज माहीत आहे. वनस्पतींत ते आयते नसते. गाजर, पपई, आंबा, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, राजगिरा, अळू यांत बीटा-कॅरोटिन असते; त्याचा चाळीस कार्बनांचा रेणू आतड्यात मधोमध तुटला की रेटिनलचे दोन रेणू मिळतात. कॅरोटिन शरीरात शोषले जायला स्निग्ध पदार्थ लागतो, म्हणून पालेभाजीला तेलाची फोडणी असणे केवळ चवीपुरते महत्त्वाचे नाही. जीवनसत्त्व कमी पडले की ऑप्सिन तयार होते पण रेटिनलवाचून रिकामे राहते, आणि पहिला फटका दंडपेशींना बसतो: मूल संध्याकाळ झाली की चाचपडू लागते. दुर्लक्ष झाले तर डोळे कोरडे पडतात, बुबुळावर जखमा होतात आणि दृष्टी कायमची जाते. भारतात यासाठी १९७०पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यात नवव्या महिन्यात एक लाख एककांची मात्रा आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख एककांची मात्रा तोंडावाटे दिली जाते. अंगणवाडीत चमच्याने पाजले जाणारे ते पिवळे औषध शेवटी दंडपेशीतील त्या पोकळीत पोचते.

शंकुपेशींतही रेटिनल तेच असते. बदलते ते ऑप्सिन. पोकळीच्या भोवतीची काही अमिनो आम्ले बदलली की शोषणाचा पट्टा सरकतो. माणसात असे तीन प्रकार आहेत आणि त्यांचे कमाल शोषण साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरला होते. त्यांना सोयीसाठी निळे, हिरवे, तांबडे म्हटले जाते, जरी ५६० नॅनोमीटरचा प्रकाश प्रत्यक्षात पिवळसर हिरवा असतो. एकटी शंकुपेशी रंग ओळखत नाही. ती फक्त किती फोटॉन अडकले हे सांगते आणि तीन प्रकारांच्या उत्तरांची तुलना करून रंग ठरतो. दिवेलागणीला लाल जास्वंद काळपट दिसू लागते आणि तिची पाने मात्र उजळ वाटतात. कारण तेव्हा शंकुपेशी मागे पडून काम तांबडे न पाहणाऱ्या ऱ्होडॉप्सिनकडे आलेले असते.

शंकुपेशींतील ऑप्सिनची जनुके जेरेमी नेथन्स आणि डेव्हिड हॉग्नेस यांच्या गटाने १९८६मध्ये वाचली. हिरव्या आणि तांबड्या ऑप्सिनची जनुके क्ष गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत आणि त्या दोन प्रथिनांत सुमारे ९६ टक्के साम्य आहे. इतक्या सारख्या जनुकांची अदलाबदल होताना चुका होतात, एखादे जनुक गळते किंवा दोघांचे मिश्रण होते. पुरुषांत क्ष गुणसूत्र एकच असल्यामुळे उणीव भरून निघत नाही. म्हणूनच लाल-हिरव्याची गल्लत मुख्यतः पुरुषांत आढळते. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांना ही गल्लत होत असे. आपल्या डोळ्यातील द्रव निळा असावा, अशी त्यांची कल्पना होती आणि मृत्यूनंतर डोळे तपासावेत, असे त्यांनी सांगून ठेवले होते. १८४४मध्ये तपासले तेव्हा द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या अवशेषांतील डीएनए १९९५मध्ये तपासला गेला, तेव्हा हिरव्या ऑप्सिनचे जनुकच नसल्याचे उघड झाले.

इतर प्राण्यांत ऑप्सिनची संख्या आणि जात बदलते. कुत्र्याला शंकुपेशींचे दोनच प्रकार, बहुतेक पक्ष्यांना चार. मधमाशीला अतिनील दिसते. खोल समुद्रातील एका माशात तर दंडपेशींच्या ऑप्सिनची ३८ जनुके सापडली आहेत.

सगळीच ऑप्सिने चित्र पाहण्यासाठी नसतात. दंडपेशी आणि शंकुपेशी नष्ट झालेल्या काही अंधांच्या शरीराला दिवस-रात्र कळते, हे बराच काळ कोडे होते. इग्नासियो प्रोव्हेन्सियो यांना १९९८मध्ये बेडकाच्या त्वचेत मेलॅनॉप्सिन सापडले आणि पुढे ते माणसाच्या दृष्टिपटलातही मिळाले. तेही भलत्याच थरात, नेत्रचेतेचे तंतू ज्यांपासून निघतात त्यांतल्या अगदी थोड्या पेशींत. २००२मध्ये या पेशी स्वतः प्रकाश टिपतात, हे सिद्ध झाले. मूळचे ओडिशाचे सच्चिदानंद पंडा यांनी त्याच वर्षी मेलॅनॉप्सिन नसलेल्या उंदरांत जैविक घड्याळ प्रकाशाशी नीट जुळत नाही, हे दाखवले. मेलॅनॉप्सिन ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देते, बाहुली लहान करण्यात भाग घेते आणि झोपेची वेळ ठरवणाऱ्या मेंदूच्या केंद्राला उजेडाची खबर देते. रात्री उशिरापर्यंत प्रखर पडद्याकडे पाहू नये, या सल्ल्याला आधार आहे तो इथे.

ऑप्सिनमधील बिघाड हे वंशपरंपरागत अंधत्वाचे एक मोठे कारण आहे. रेटिनायटिस पिग्मेंटोझा या विकारात दंडपेशी आधी मरतात, मग शंकुपेशी. दृष्टी कडेकडून आक्रसत जाते. ऱ्होडॉप्सिनच्या साखळीत २३व्या जागी प्रोलिनऐवजी हिस्टिडिन आले तरी हा विकार होतो, हे १९९०मध्ये कळले. साखळी चुकीची दुमडते आणि पेशी हळूहळू निकामी होते. बिघाड आरपीई६५च्या जनुकात असेल, तर निरोगी जनुक विषाणूच्या वाहकातून दृष्टिपटलाखाली सोडण्याचा उपचार आहे. अमेरिकेत त्याला २०१७च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली.

पेशीच उरल्या नसतील तर जनुक दुरुस्त करून भागत नाही. तिथे दुसऱ्याच जातीचे प्रथिन कामी येते. गोड्या पाण्यातील हरित शैवालांत प्रकाश ओळखणारी प्रथिने आहेत. त्यांतही रेटिनल असते, पण ती प्रथिने स्वतःच आयनमार्ग आहेत आणि प्रकाश पडला की थेट उघडतात. अशा एका प्रथिनाचे सुधारित जनुक रेटिनायटिस पिग्मेंटोझा झालेल्या ५८ वर्षांच्या गृहस्थांच्या डोळ्यात सोडण्यात आले. नेत्रचेतेला तंतू पुरवणाऱ्या, अजून जिवंत असलेल्या पेशी त्यामुळे प्रकाशाला प्रतिसाद देऊ लागल्या. कित्येक महिन्यांच्या सरावानंतर त्यांना टेबलावरची वही शोधता आली, पेले मोजता आले. हा वृत्तांत २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. असे दिसण्यासाठी त्या गृहस्थांना खास चष्मा घालावा लागतो. तो समोरचे दृश्य टिपून प्रखर नारिंगी प्रकाशात डोळ्यावर टाकतो. शैवालाच्या प्रथिनामागे ट्रान्सड्युसिन नाही, संख्या वाढवत नेणारी साखळी नाही; एक फोटॉन फार तर एक मार्ग उघडतो. त्यामुळे चष्मा काढला की खोलीतला नेहमीचा उजेड त्या पेशींना पुरत नाही.